प्रयोगपटांना पडदा देणारी पोरं

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का केला आणि दिवसागणिक थोडं थोडं चित्रण करत गेले. कित्येक दिवसांत घडलेलं पडद्यावर बघता बघता उलगडलं. माती फुटली, कोंब वर आला, वेल वाढली. त्यात ना नायक होता, ना गोष्ट. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही फिल्म फाळक्यांनी मोजक्या मंडळींना दाखवली. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी त्यांत होते. ती पाहून नाडकर्णींनी पैसे द्यायची तयारी दाखवली, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

आपल्या सिनेमाचा इतिहास पौराणिक कथापटापासून सांगायची रीत आहे. पण त्या कथापटाच्या एक पाऊल मागे वेळेशी खेळणारा, गोष्ट नसलेला हा प्रयोग उभा आहे. अशा फिल्मना आज प्रयोगपट म्हणतात. त्यांची अडचण शंभर वर्षांपूर्वी होती तीच आजही आहे. त्यांना तिकीटबारी नाही. चार मिनिटांच्या फिल्मसाठी कुणी थिएटर लावत नाही, वाहिन्यांच्या वेळापत्रकात ती बसत नाही, आणि इंटरनेटवर टाकली तर मांजरांच्या व्हिडिओंखाली गडप होते. ती कुणीतरी मुद्दाम निवडून, अंधार करून, मोठ्या पडद्यावर दाखवावी लागते. हे काम करणाऱ्यांत जगभर विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे.

गोष्टीवाचून सिनेमा

लघुपट आणि प्रयोगपट यांत गल्लत होते. लघुपट ही लांबीची बाब. दहा मिनिटांत नीट गोष्ट सांगणारा, शेवटी कलाटणी देणारा लघुपट आता मराठी प्रेक्षकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. प्रयोगपट मात्र सिनेमाच्या मुळाशी हात घालतो. चित्र, आवाज, काळ, प्रकाश यांच्याशी झटापट करताना वाटेत गोष्ट सापडली तर ठीक, नाही सापडली तरी त्याचं अडत नाही.

अमेरिकेच्या स्टॅन ब्राकाजने १९६३ मध्ये ‘मॉथलाइट’ ही फिल्म कॅमेरा न वापरताच केली. पतंगांचे पंख, फुलांच्या पाकळ्या, गवताची पाती असं काहीबाही त्याने पारदर्शक चिकटपट्टीच्या दोन थरांत दाबून बसवलं आणि त्याची प्रिंट काढली. पडद्यावर जेमतेम चार मिनिटं पंखांची फडफड दिसते. फ्रान्सच्या ख्रिस मार्करची १९६२ ची ‘ला जेते’ २८ मिनिटांची आहे. ती जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांची बनली आहे. एका क्षणी एक चेहरा डोळे उघडतो, हलतो, आणि तेवढ्याने अंगावर काटा येतो. टोनी कॉनराडच्या १९६६ च्या ‘द फ्लिकर’मध्ये तर काळ्या आणि पांढऱ्या फ्रेम्सची उघडझाप एवढंच आहे. अपस्माराचा त्रास असणाऱ्यांनी सावध राहावं, अशी सूचना त्या फिल्मच्या सुरुवातीलाच आहे.

हे सगळं परदेशी खूळ वाटत असेल, तर मुंबईच्या पेडर रोडकडे पाहावं. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या अनुबोधपटांना लोक कंटाळत, मुख्य सिनेमा सुरू होईपर्यंत बाहेर रेंगाळत. त्याच सरकारी कचेरीत प्रमोद पती नावाचा अधिकारी ‘एक्स्प्लोरर’ (१९६८), ‘ट्रिप’ (१९७०) आणि ‘अबिद’ (१९७२) अशा फिल्म करत होता. ‘अबिद’मध्ये चित्रकार-लेखक आबिद सुरती एक खोली रंगवत सुटतात. एकेक फ्रेम वेगळी टिपल्यामुळे ते चालत नाहीत, घरंगळतात, आणि भिंती जिवंत झाल्यासारख्या रंग बदलत राहतात. एम. एफ. हुसेन यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ या १९६७ च्या लघुपटाला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. चित्रकार तय्यब मेहतांनी १९७० मध्ये ‘कूडल’ केला. हे सारं सरकारी खर्चाने झालं. ते पाहिलं मात्र फारच थोड्यांनी.

हरवलेली प्रिंट, सापडलेली प्रिंट

दाखवणं ही सिनेमाची शेवटची, दुय्यम पायरी आहे अशी आपली समजूत असते. प्रयोगपटांच्या बाबतीत ती चुकीची ठरते. आपल्याकडच्याच दोन उदाहरणांवरून हे दिसतं.

चित्रकार अकबर पदमसी यांना १९६९ मध्ये जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांतून त्यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभं केलं. चित्रकार, छायाचित्रकार, फिल्मवाले अशा सगळ्यांनी एकत्र येऊन हवं ते करून पाहावं, अशी ही जागा. तरुण चित्रकार नलिनी मलानी तिथे कॅमेऱ्याशी खेळल्या. पदमसींनी स्वतः रेषा आणि बिंदूंच्या शेकडो रेखाटनांमधून ‘सिझिजी’ ही अकरा मिनिटांची फिल्म केली. त्यांची दुसरी फिल्म ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. तिची एकुलती एक प्रिंट दिल्लीच्या प्रदर्शनाला पाठवली गेली आणि हरवली. जवळपास अर्धशतकानंतर दिग्दर्शक अशीम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींच्या आठवणींच्या आधारे ती फिल्म पुन्हा घडवायचा प्रयत्न केला. त्यातून २०१६ साली त्याच नावाचा नवा चित्रपट झाला. मूळ चार-सहा मिनिटं मात्र गेली ती गेलीच.

दुसरं उदाहरण ‘घाशीराम कोतवाल’चं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी सत्तरच्या दशकात ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली. बँकेचं कर्ज काढून त्यांनी विजय तेंडुलकरांच्या नाटकावर १९७६ मध्ये चित्रपट केला. दिग्दर्शक म्हणून चार जणांची नावं: के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. छायाचित्रणही आणखी चौघांचं. पडद्यावर मोहन आगाशे नाना, ओम पुरी घाशीराम. हा काही लघुपट नाही, पण बहुतांशी विद्यार्थिदशेतून नुकत्याच सुटलेल्या पोरांचा हा मराठीतला सर्वांत धाडसी सामूहिक प्रयोग. तो थिएटरात रीतसर चालला नाही आणि पुढे भारतात तो पाहायला मिळणं दुरापास्त झालं. बर्लिनच्या महोत्सवात तो दाखवला गेला होता. त्या महोत्सवाच्या ‘फोरम’ विभागाशी जोडलेल्या आर्सेनाल या संस्थेकडे त्याची प्रिंट राहिली होती. त्याच प्रिंटमुळे दशकांनंतर त्याची डिजिटल डागडुजी झाली आणि चित्रपट पुन्हा हिंडू-फिरू लागला.

एक प्रिंट प्रदर्शनाला जाताना हरवली, दुसरी महोत्सवाला गेली म्हणून वाचली. महोत्सव भरवणाऱ्या माणसांनी वस्तू नीट सांभाळली की नाही, एवढाच दोहोंत फरक.

अभ्यासक्रमातून निसटलेला सिनेमा

हे प्रयोग करणाऱ्यांत विद्यार्थी इतके का असतात, याचं उत्तर पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर मिळतं. प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. साठच्या दशकाच्या मध्यात ऋत्विक घटक तिथे उपप्राचार्य होते. मणी कौल आणि कुमार शहानी त्यांच्या हाताखाली शिकले. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी जगभरातल्या प्रिंट्स जमवल्या. त्यामुळे दिवसा वर्गात शिकायचं आणि संध्याकाळी थिएटरात बसून रशिया, जपान, ब्राझीलचे चित्रपट पाहायचे, असा इथल्या पिढ्यांचा दिनक्रम झाला.

संस्थेत विद्यार्थ्याला टप्प्याटप्प्याने ‘एक्सरसाइज’ कराव्या लागतात. आधी दृश्यांचा सलगपणा साधायचा, मग संवाद, मग गाणं, आणि शेवटी डिप्लोमा फिल्म. फिल्मची लांबी ठरलेली, साहित्य मोजून मिळणार, शूटिंगचे दिवसही ठरलेले. बंधनं अशी कडक, पण एक सूट मोठी असते: ही फिल्म विकायची नसते. निर्माता नाही, वितरक नाही, ‘प्रेक्षकांना कळेल का’ म्हणून मान हलवणारं कुणी नाही. आयुष्यात पुन्हा अशी मोकळीक मिळेलच याची खात्री नसल्याने पोरं ती पुरेपूर वापरतात.

अमित दत्ता यांनी संस्थेत केलेल्या ‘क्रमशः’ला २००७ मध्ये जर्मनीतल्या ओबरहाउझेन लघुपट महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. अर्धवट झोपेतल्या मुलाच्या मनात घरच्यांच्या गोष्टी, गाव, धुकं मिसळत जावं तशी ती फिल्म वाहते. तिची गोष्ट सांगायला गेलं तर सांगणारा अडखळतो. उमेश कुलकर्णी यांची ‘गिरणी’ ही डिप्लोमा फिल्म त्यामानाने गोष्टीची. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या घरघरीने एका मुलाचं जगणं व्यापून टाकलं जातं. पण यंत्राचा आवाजच जवळजवळ मुख्य पात्र होऊन बसतो, हा त्यातला प्रयोग. या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पायल कपाडिया यांची ‘आफ्टरनून क्लाउड्स’ ही तेरा मिनिटांची फिल्म २०१७ मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात पोहोचली. त्यात उषा नाईक यांनी एका विधवा काकूंची भूमिका केली आहे. दुपारची सुस्ती, बाल्कनीतली फुलझाडं, मच्छर मारण्याच्या धुराचा ढग आणि घरकाम करणारी नेपाळी मुलगी, एवढ्या सामग्रीवर ती उभी आहे. त्याच विभागात २०२० मध्ये अश्मिता गुहा नियोगी यांच्या ‘कॅटडॉग’ला आणि २०२४ मध्ये चिदानंद नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ या कन्नड लघुपटाला पहिलं पारितोषिक मिळालं. चिदानंद आधी डॉक्टर झाले आणि मग पुण्याला आले. एका म्हातारीने कोंबडा चोरला आणि गावात उजाडेचना, या लोककथेवरची त्यांची फिल्म चार रात्रींत चित्रित झाली.

या फिल्म पुण्यात बनल्या आणि त्यांची पाठ थोपटली गेली युरोपात. निवडणारे, दाखवणारे, त्यावर बोलणारे बहुतेक तिकडचे. फिल्म बनवायची कला आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी आत्मसात केली. ती दाखवायची व्यवस्था मात्र फारशी आपल्या हातात आली नाही.

महोत्सव विद्यार्थ्यांच्या हाती

जर्मनीत पॉट्सडामच्या बाबेल्सबर्ग फिल्म विद्यापीठात ‘झेझुख्टे’ नावाचा विद्यार्थी चित्रपट महोत्सव भरतो. त्याची मुळं १९७२ च्या पूर्व जर्मनीत जातात. आज तो विद्यार्थीच चालवतात आणि दरवर्षी नवी तुकडी सूत्रं हातात घेते. तेल अवीव विद्यापीठातल्या सिनेमाच्या विद्यार्थ्यांनी १९८६ मध्ये आपला महोत्सव सुरू केला. तोही विद्यार्थ्यांच्याच ताब्यात आहे. अमेरिकेत मिलवॉकी इथल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या चित्रपट विभागातली मुलं ‘मिलवॉकी अंडरग्राउंड’ हा महोत्सव चालवतात. प्रयोगपट हाच त्याचा मुख्य जिन्नस. फिल्म मागवणं, पाहणं, निवडणं, पोस्टर छापणं, दारात उभं राहून पाहुण्यांना जागा दाखवणं हे सगळं तीच मुलं करतात.

या परंपरेतलं सर्वांत जुनं आणि गाजलेलं गाव मिशिगन राज्यातलं ॲन आर्बर. तिथे १९६३ मध्ये जॉर्ज मनुपेली या कलाशिक्षकाने महोत्सव सुरू केला. त्याला आसरा मिळाला तो विद्यापीठातल्या ‘सिनेमा गिल्ड’ या विद्यार्थ्यांच्या फिल्म सोसायटीकडून. कित्येक दशकं तिथे फक्त १६ मिलिमीटरच्या फिल्म घेतल्या जात. याच सिनेमा गिल्डने जानेवारी १९६७ मध्ये जॅक स्मिथची ‘फ्लेमिंग क्रीचर्स’ ही वादग्रस्त फिल्म लावली, तर पोलिसांनी चालू प्रोजेक्टरवरून रीळ उचललं आणि सोसायटीच्या विद्यार्थ्यांवर गुन्हे दाखल झाले. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच. काही आमदारांनी फिल्म अश्लील असल्याची ओरड केल्यावर महोत्सवाचं सरकारी अनुदान बंद झालं. महोत्सवाने राज्यावर खटला भरला आणि पुढे अनुदानाचे नियम बदलले गेले. ॲन आर्बरचा महोत्सव आजही भरतो.

आपल्याकडे संख्येने कमी, पण प्रयत्न आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या माध्यम विभागाने ‘कट इन’ नावाचा विद्यार्थी चित्रपट महोत्सव चालवला. नेरूळच्या एसआयईएस महाविद्यालयातले माध्यमांचे विद्यार्थी ‘फ्रेम्स’ भरवतात. शाय हेरेडिया यांनी २००३ मध्ये केवळ प्रयोगपटांसाठी ‘एक्सपेरिमेंटा’ सुरू केला आणि तो पुढे बंगळुरूत रुजला. तो विद्यार्थ्यांचा नव्हे, पण भारतात अशा फिल्मना प्रेक्षक आहे हे त्याने दाखवून दिलं. बहुतेक महाविद्यालयीन स्पर्धांमध्ये मात्र कथापट, माहितीपट, ॲनिमेशन असे खण पाडलेले असतात आणि यांपैकी कशातच न बसणारी फिल्म ‘इतर’मध्ये ढकलली जाते.

अंधार करण्याआधीची कामं

महोत्सव म्हणजे प्रोजेक्टर लावला आणि दिवे घालवले, असं बाहेरून दिसतं. आत घुसलं की कामांची यादी संपत नाही.

सुरुवात आवाहनाने होते. पूर्वी फिल्मचे डबे टपालाने यायचे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळांमुळे आता जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून फिल्म काही मिनिटांत येते. सोय झाली, पण पूरही आला. छोट्याशा महोत्सवाकडेही इतक्या फिल्म येतात, की पाहणाऱ्यांच्या तुकड्या कराव्या लागतात. प्रत्येक फिल्म दोघा-तिघांनी पाहायची आणि मग एकत्र बसून वाद घालायचा. इथेच विद्यार्थी सर्वांत जास्त शिकतात. आपल्याला कळली नाही म्हणून फिल्म वाईट, हा पहिला निष्कर्ष गळून पडायला वेळ लागतो. कळत नाही तरी लक्षात राहिली, हा दुसरा टप्पा. ती का लक्षात राहिली हे शेजारच्याला शब्दांत पटवून देणं हा तिसरा, आणि खरा.

निवड झाली की क्रम लावायचा. साठ ते नव्वद मिनिटांच्या एका खेळात दहा-बारा फिल्म बसतात. त्यांचा क्रम मैफलीतल्या रागांइतकाच विचारपूर्वक लावावा लागतो. डोळे दिपवणारी लखलखती फिल्म संपताच लगेच मंद, धूसर फिल्म लावली तर पहिली तीन मिनिटं प्रेक्षकाला काही दिसतच नाही. सलग दोन मूक फिल्म आल्या, की मागच्या रांगेतून ‘आवाज!’ अशी हाक आलीच म्हणून समजा. म्हणून काही आयोजक मूक फिल्मच्या आधी पडद्यावर छोटी सूचना झळकवतात. काही मुद्दामच झळकवत नाहीत. शांतता कळायला प्रेक्षकाला तेवढी अस्वस्थता हवी, असं त्यांचं म्हणणं. उघडझाप करणाऱ्या प्रकाशाची फिल्म असेल तर दारावर सूचना लावणं मात्र बंधनकारक धरलं पाहिजे.

तांत्रिक बाजू हा वेगळाच डोकेदुखीचा विषय. एक फिल्म चौकोनी, दुसरी रुंद, तिसरी मोबाइल उभा धरून चित्रित केलेली. प्रत्येकीची चौकट जशी आहे तशीच दिसली पाहिजे. ताणून पडदाभर केली की माणसं बुटकी दिसतात आणि दिग्दर्शकाचा जीव वरखाली होतो. आवाजाच्या पातळ्या तर कुणाच्याच कुणाशी जुळत नाहीत. त्यामुळे आदल्या रात्री रिकाम्या सभागृहात प्रत्येक फिल्मची पहिली तीस सेकंदं लावून आवाजाचा आकडा कागदावर टिपून ठेवणारा एक मुलगा किंवा मुलगी प्रत्येक चांगल्या महोत्सवात असते. तिचं नाव पोस्टरवर नसतं. ती चुकली तर सगळ्या सभागृहाच्या लक्षात येतं.

परवानगीचा कागद

भारतात आणखी एक काम वाढतं. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार जाहीर प्रदर्शनासाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. चार मिनिटांच्या फिल्मला, तीही परदेशातल्या विद्यार्थ्याच्या, कुणी प्रमाणपत्र काढत बसत नाही. कायद्याच्या कलम ९ नुसार केंद्र सरकार महोत्सवांना सूट देऊ शकतं. त्यासाठी निवडलेल्या फिल्मची यादी, सारांश आणि महोत्सवाची माहिती माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे पाठवावी लागते. ज्या फिल्मला गोष्टच नाही तिचा सारांश लिहायची वेळ आली, की विद्यार्थी आयोजकांची खरी कसोटी लागते.

ही सूट नेहमी मिळतेच असं नाही. २०१७ मध्ये केरळच्या माहितीपट आणि लघुपट महोत्सवात तीन फिल्मना ती नाकारली गेली. रोहित वेमुला, काश्मीर आणि जेएनयूतलं आंदोलन हे त्यांचे विषय होते. त्याआधी २००४ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाने अडचणीच्या फिल्म बाहेर ठेवल्याचा आरोप झाला, तेव्हा माहितीपटकारांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाने समांतर महोत्सव भरवला आणि पन्नासहून अधिक फिल्म दाखवल्या. निवड ज्याच्या हातात त्याच्या हातात सिनेमा, हे त्या आठवड्यात मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलं.

संस्था कुणाच्या हातात असावी, हा प्रश्न पुण्यातही पेटला. १२ जून २०१५ पासून फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध १३९ दिवसांचा संप केला. त्या काळातलं चित्रण पायल कपाडिया यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ या चित्रपटात आलं. पत्रं, दाणेदार कृष्णधवल दृश्यं आणि कुजबुजता आवाज यांनी विणलेल्या या फिल्मला २०२१ मध्ये कानमध्ये सर्वोत्तम माहितीपटाचं पारितोषिक मिळालं. तीन वर्षांनी त्यांच्याच ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ने कानचं ग्राँ प्री पटकावलं. त्यात छाया कदम आहेत, मुंबईची लोकल आहे आणि कोकणचा किनारा आहे. प्रयोगपटात घासून घेतलेला हात मोठ्या चित्रपटात कसा चालतो, याचं याहून ताजं उदाहरण शोधायला नको.

‘आवाज कुणाचा’च्या गावात

महाराष्ट्राला विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभारलेल्या कलेची सवय नाही असं मुळीच नाही. १९६३ मध्ये पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकने पुरुषोत्तम करंडक सुरू केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात महाविद्यालयांमध्ये एकांकिकेच्या तालमी रंगतात. लेखन पोरांचं, दिग्दर्शन पोरांचं, नेपथ्य उचलून टेम्पोत चढवणं पोरांचं. भरत नाट्य मंदिराबाहेर ‘अरे, आव्वाज कुणाचा!’च्या आरोळ्या उठतात. बी. जे. मेडिकलसारख्या महाविद्यालयांतून असे नाटकवाले निघाले, की त्यांच्यातल्याच काहींनी पुढे ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणलं. मराठी प्रायोगिक नाटकाची मोठी भरती या करंडकातून झाली.

सिनेमाच्या बाबतीत फिल्म सोसायटी चळवळीने तसा पाया घातला. १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं, १९८५ मध्ये पुण्यात आशय फिल्म क्लब उभा राहिला. सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाचा सिनेमा मराठी माणसापर्यंत पोहोचवला. पण या सोसायट्यांचा प्रेक्षक वयाने वाढत गेला. नवी पोरं फोनवर सिनेमा बघू लागली, फोनवरच बनवूही लागली. आज सातारा, लातूर किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयातल्या मुलाकडे असलेला मोबाइल कॅमेरा प्रमोद पतींच्या यंत्रापेक्षा हजारपटीने सोपा आहे. साधनांची टंचाई संपली आहे. एकत्र बसून पाहायची आणि पाहिल्यावर भांडायची जागा मात्र कमी पडते आहे.

ती जागा उभी करायला फार मोठा खर्च लागत नाही. महाविद्यालयाचं सभागृह, नीट अंधार, बरा प्रोजेक्टर, दोन चांगले स्पीकर आणि निवड करायला बसणारी आठ-दहा मुलं एवढं पुरतं. बक्षिसांचे धनादेश, सेलिब्रिटी पाहुणे आणि प्रायोजकांचे फलक नसले तरी चालतं. उलट निवड समितीत एखादा मान्यवर बसवण्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी स्वतः फिल्म पाहून, वाद घालून, चुकून निवडल्या तर त्यांची नजर तयार होते. पुढच्या वर्षी त्यांच्यातलाच कुणी स्वतः फिल्म करतो, कुणी समीक्षक होतो, कुणी उत्तम ध्वनी-तंत्रज्ञ होतो.

महाविद्यालयांनी स्नेहसंमेलनाच्या खर्चातला एक छोटा वाटा यासाठी बाजूला काढावा. प्राध्यापकांनी मंत्रालयाला पाठवायच्या अर्जावर सही करावी आणि मग बाजूला व्हावं. जुने प्रयोगपट विद्यार्थ्यांच्या महोत्सवांना सवलतीने मिळाले पाहिजेत. फिल्म्स डिव्हिजनचा आणि चित्रपट संग्रहालयाचा वारसा आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आला आहे, तेव्हा ही व्यवस्था त्यांनी करावी. आणि वाचकांनी आपल्या शहरातल्या कुठल्या महाविद्यालयात अशा फिल्मचा खेळ लागल्याची पाटी दिसली, तर एक संध्याकाळ काढून जावं. शेवटच्या फिल्मपर्यंत बसावं. काही कळलं नाही तर बाहेर उभ्या असलेल्या त्या पोरांना विचारावं. ती आनंदाने सांगतील, आणि त्यांना तुमच्याशी वाद घालायला आवडेल.